कोर्टाची पायरी

सकाळचे पावणेअकरा वाजले होते. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात तीन बाकं आणि साठ-सत्तर माणसं. भिंतीवर त्या दिवसाच्या प्रकरणांचा बोर्ड लावलेला, आणि जो तो त्यावर बोट फिरवत आपलं नाव शोधत होता. माझ्याशेजारी आमचे शेजारी काका बसले होते. एसटीत चौतीस वर्षं चालक होते, आता निवृत्त आहेत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आरसी बुक, विम्याची प्रत, लायसन्स आणि स्वतःच्या स्कूटरचे चारही बाजूंनी काढलेले फोटो.

पट्टेवाल्याने दारात येऊन पुकारा केला. काका इतके घाईने उठले की पिशवीतले कागद खाली सांडले. कागद गोळा करता करता मला म्हणाले, "चौतीस वर्षं गाडी चालवली, एक डाग नाही. आणि आज आरोपी म्हणून नाव पुकारतायत."

ते आत गेले आणि मी दाराशी उभा राहिलो. 'आरोपी' हा शब्द मात्र मनातून जाईना. मोबाइलवर येणाऱ्या चलानच्या निरोपात हा शब्द नसतो. तिथे रक्कम असते, गाडीचा नंबर असतो आणि पैसे भरायची लिंक असते. लाइटचं बिल यावं तसं ते येतं आणि आपणही ते बिलासारखंच घेतो. कुणी मुकाट्याने भरतो, कुणी 'बघू नंतर' म्हणून बाजूला ठेवतो. पण बिल हे वापरलेल्या वस्तूची किंमत असते. चलान हा तुमच्यावर ठेवलेला आरोप असतो. आरोप मान्य करता येतो, तसा नाकारताही येतो, आणि दोन्हीच्या आधी तो वाचावा लागतो. काकांच्या तीन चलानांमागे सात महिने फिरताना मला जे कळलं, ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पावती फाडायचे दिवस

'पावती फाडणे' म्हटलं की वाहतूक पोलिसांचं पावतीपुस्तक आठवतं. चौकात मामा शिट्टी मारायचे, गाडी बाजूला घ्यायला लावायचे, लायसन्स मागायचे. हुज्जत व्हायची, विनवण्या व्हायच्या, कधी भलतंही काही व्हायचं. पण आपल्यावर काय आरोप आहे हे तिथल्या तिथे कळायचं. सिग्नल लाल होता की पिवळा, यावर समोरासमोर बोलता यायचं.

ई-चलान आल्यापासून ही समोरासमोरची गाठ सुटली. हातात रोख पैसे येणं थांबलं, हा त्याचा मोठा फायदा आहे आणि तो कुणीही नाकारू नये. मात्र आरोप झाल्याचं आरोपीला कळायला आता आठवडे लागतात, कधी महिने लागतात. गाडी विकायला काढली की मगच चार वर्षांपूर्वीचं चलान समोर येतं, असे लोक मला कोर्टाच्या त्या एका व्हरांड्यात तीन भेटले.

कायदा या बाबतीत गाफील नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि कॅमेऱ्यांनी देखरेख करण्यासाठी कलम १३६ अ आलं. वाढलेले दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. महाराष्ट्राने ते लगेच स्वीकारले नाहीत, आपल्याकडे ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हा नियम समजून घ्यायला हवा. देखरेखीच्या यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. पुढच्या टप्प्यात यंत्र आहे, हे सांगणारी पाटी रस्त्यावर ठळक दिसेल अशी लावावी लागते. चलानमध्ये गाडीचा नंबर दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम द्यावं लागतं. आणि घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठवावी लागते.

हे इतकं लिहून ठेवलेलं असताना आपण पाहतो काय, तर फक्त रकमेचा आकडा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर

काकांनीही तेच केलं होतं. मुलाने मोबाइलवर दाखवलं : तीन चलानं. एक आपल्याच जिल्ह्याच्या गावचं, दोन दोनशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या शहरातली. त्या दोनपैकी एक विनाहेल्मेट आणि एक ट्रिपल सीट. "भरून टाकू," काका म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

भरायच्या आधी फोटो तरी बघू, असं मी म्हटलं. राज्याच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची चलानं दिसतात आणि त्यांचे फोटोही उघडता येतात. काकूंनी चहाचे कप बाजूला केले, मुलाने फोटो मोठा केला आणि आम्ही चौघं त्यावर वाकलो.

स्कूटर त्याच कंपनीची, त्याच रंगाची. नंबरही तोच वाटत होता. मग काकूंचं बोट मागच्या चाकाशी थांबलं. "आपल्या गाडीला साडी गार्ड आहे. तुम्हीच मला लावून दिलंय. हिला कुठंय?"

आम्ही नंबरप्लेटकडे पुन्हा पाहिलं. शेवटून दुसरा आकडा हौसेने वळणदार काढलेला होता. इंग्रजी तीनची दोन्ही टोकं इतकी आत ओढलेली की तो आठ वाटावा. त्या शहरातल्या पोलिसाने दोन्ही वेळा तो आठ वाचला, आणि तो आठ आमच्या काकांच्या नावावर निघाला. साध्या, एका ठशाच्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा आग्रह का धरतात, हे मला त्या फोटोने दाखवलं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती प्लेट लावून घ्यायला आपल्याकडे लोक किती टाळाटाळ करतात! एकाने हौसेने वळवलेला आकडा दुसऱ्याला आरोपी करून जातो.

ट्रिपल सीटचं चलान तर हजार रुपयांवर थांबत नाही. कलम १९४ क मध्ये दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. विनाहेल्मेटच्या १९४ ड मध्येही तीच आहे. हे ऐकलं आणि काकांचा 'भरून टाकू' तिथेच थांबला. चलानचे पैसे, म्हणजे तडजोड शुल्क, भरणं म्हणजे आरोपावरचा वाद सोडून देणं. हजार रुपये गेले असते तर त्यांनी सोसले असते. लायसन्सवर डाग लागणं त्यांना सोसणारं नव्हतं.

दोन वह्या, एक गाडी

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी पुष्कळ जण फसतात. एकाच गाडीची चलानं दोन ठिकाणी असू शकतात. वाहतूक पोलिसांची चलानं राज्याच्या महाट्रॅफिकवर दिसतात. आरटीओच्या वायुवेग पथकाने केलेली चलानं केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर दिसतात. एकीकडे पाटी कोरी आहे म्हणून निश्चिंत झालेला माणूस गाडी विकताना दुसरीकडे अडकतो. दोन्ही बघावीत.

ही संकेतस्थळं कशी उघडायची, तर पत्ता स्वतः टाइप करून. अनोळखी नंबरावरून चलानच्या नावाने एखादी फाइल आली आणि तिने 'इन्स्टॉल करा' म्हटलं, तर ती चोराची आहे असं धरून चाला. या दोन्ही सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचं.

आणि गाडी विकली असेल तर नाव बदललंय का, हे आधी बघा. कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. आपण चावी देतो, पैसे घेतो, सह्या केलेले फॉर्म एजंटकडे सोपवतो आणि विसरतो. कागदावर मालक आपणच राहतो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठीही नोंदीतल्या मालकालाच जबाबदार धरलं. चलानं तर त्याच्याच दारात येणार.

सोळा अक्षरांची किल्ली

विनाहेल्मेटच्या चलानवर आम्ही ऑनलाइन तक्रार केली. स्कूटरचे फोटो आणि आरसी जोडली. पहिल्यांदा ती एका ओळीत फेटाळली गेली, कारण दिलं नाही. दुसऱ्यांदा साडी गार्डवर आणि त्या आकड्यावर लाल गोल करून पाठवली. दीड महिन्याने ते चलान रद्द झाल्याचं दिसलं.

ट्रिपल सीटचं प्रकरण तोवर कोर्टात गेलं होतं. काकांच्या जुन्या मोबाइल नंबरवर निरोप गेले होते आणि तो नंबर त्यांनी कधीच बंद केला होता. हा दोष आमचा. आरसीवरचा मोबाइल नंबर आणि पत्ता चालू ठेवणं हे मालकाचं काम आहे.

कोर्टात गेलेलं प्रकरण शोधायचं कसं? लोक इथे एजंट गाठतात, खरं तर गरज नसते. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांच्या प्रकरणांची नोंद ई-कोर्ट्स सेवेवर आहे, मोबाइल ॲपवरही आहे. प्रत्येक प्रकरणाला सीएनआर नावाचा सोळा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यात सुरुवातीला राज्य आणि जिल्हा, मग न्यायालयाचा संकेतांक, मग अनुक्रमांक, आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे. तो असेल तर एका मिनिटात प्रकरण समोर येतं : कुठलं न्यायालय, काय टप्पा, पुढची तारीख कधी. तो नसेल तर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. नाव मात्र दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावं, कारण आपल्या नावांचं स्पेलिंग लिपिकागणिक बदलतं. काकांचं आडनाव तिसऱ्या स्पेलिंगला सापडलं. त्याच्यापुढे एस.सी.सी., म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, असं लिहिलेलं होतं.

काही चलानं आभासी न्यायालयात जातात. दिल्लीत २०१९ साली याची सुरुवात झाली आणि महाराष्ट्रातलं पहिलं असं न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपुरात सुरू झालं. तिथे चलान किंवा गाडीच्या नंबराने प्रकरण शोधायचं. दंड मान्य असेल तर घरबसल्या भरायचा, प्रकरण निकाली निघतं. मान्य नसेल तर लढण्याचा पर्याय निवडायचा, मग ते नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. कलम २०८ खाली निघालेल्या समन्सवर तर गुन्हा कबूल असल्याचं पत्र आणि समन्समध्ये लिहिलेली रक्कम टपालानेही पाठवता येते. ही सोय कागदावर जुनी आहे आणि तरी ती फारशी कुणाला माहीत नाही.

आदेशाची प्रत हवी असेल तर नक्कल विभागात अर्ज करायचा. ही प्रत अवश्य घ्यावी. प्रकरण निकाली निघालं तरी वेबसाइटवर चलान 'प्रलंबित' असं पुढेही दिसत राहू शकतं. अशा वेळी शिक्क्याची नक्कल हाच एक पुरावा उरतो.

मुदतीचाही एक मुद्दा आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये हे आहे, आणि आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतं. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. त्यामुळे मुदत संपली की चलान आपोआप पुसलं जातं, असं कुणी समजू नये. हा मुद्दा न्यायालयासमोर मांडावा लागतो. न मांडलेला हक्क कागदातच पडून राहतो.

"नाही, साहेब"

पुकारा झाल्यावर काका आत गेले, तिथे परत येतो.

न्यायाधीश तरुण होत्या. समोर फायलींचा ढीग. त्यांनी शांतपणे मराठीत विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" त्याआधी चौघांनी कबूल म्हटलं होतं आणि ते नाझराकडे दंड भरायला गेले होते. काकांनी हात जोडले. "नाही, साहेब. ही गाडी माझी नाही."

मग त्यांनी पिशवीतले फोटो पुढे केले. न्यायाधीशांनी चलानवरचा फोटो आणि काकांचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. सरकारी वकिलांनीही वाकून पाहिले. वाहतूक शाखेचा अहवाल मागवून पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला अहवाल आला नाही. तिसऱ्या तारखेला आला : नंबर वाचण्यात चूक झाली होती. प्रकरण बंद झालं.

तीन फेऱ्यांत एसटीची तिकिटं, जेवण आणि नकलेचे पैसे मिळून दंडापेक्षा जास्त खर्च झाला. हा हिशोब मी लपवणार नाही, कारण याच हिशोबापायी निर्दोष माणसं दंड भरतात. चूक करणाऱ्या यंत्रणेला एक पैशाचीही तोशीस पडत नाही आणि चूक सोसणाऱ्याचे तीन दिवस जातात. इथे बदल हवा. तक्रार फेटाळताना कारण लिहिणं बंधनकारक व्हावं. ज्याची गाडी परगावच्या चलानात अडकली आहे, त्याला आपल्या तालुक्याच्या न्यायालयातून दृक्‌श्राव्य माध्यमाने हजर राहता यावं. नागपूरचं आभासी न्यायालय चालू शकतं, तर हे चालायला अडचण काय?

निम्मी कबुली

मधल्या काळात काकांना लोकअदालतीचा निरोपही आला होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतींत आता चलानं मोठ्या संख्येने ठेवली जातात आणि रक्कम बरीच कमी करून मिळते. सप्टेंबर २०२५ च्या लोकअदालतीच्या वेळी पुण्यात येरवड्याच्या वाहतूक शाखेत लोकांनी मोठी रांग लावली होती. रिक्षावाला, टेम्पोवाला, डिलिव्हरी करणारी मुलं, ज्यांच्या अंगावर चलानांचा डोंगर साचलाय, त्यांच्यासाठी ही खरी सुटका आहे. ती घ्यावी. तिथे वकील लागत नाही. निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण मात्र तिथे सुटत नाही, ते न्यायाधीशासमोरच जातं आणि जायलाच हवं.

पण लोकअदालत ही समझोत्याची जागा आहे. तिथे कुणावर बळजबरी होत नाही, आणि तिथे आरोपाची शहानिशाही होत नाही. मदत कक्षावरच्या माणसाने काकांना मनापासून सांगितलं, "काका, अर्ध्यात मिटतंय, मिटवून टाका." काका म्हणाले, "चूक केलीच नाही, तर निम्मी तरी कशी कबूल करू?"

ज्याची चूक आहे आणि रक्कम डोईजड आहे, त्याने लोकअदालत गाठावी. ज्याची चूकच नाही, त्याने कोर्टाची पायरी चढावी. पैसे परवडत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाची सोय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसं तिला पात्र आहेत. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

सरकारकडेही जाब मागायला हवा. २०२५ च्या जुलैमध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानविरोधात संप केला. त्याच सुमारास पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढू नयेत, अशी वरिष्ठांनी पुन्हा ताकीद दिली. ताकीद पुन्हा द्यावी लागली, यातच दुखणं कळतं. आपल्या चलानमागच्या कॅमेऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र त्या तारखेला चालू होतं का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येतं. असे अर्ज जितके जास्त जातील, तितके कॅमेरे नियमात राहतील.

तिसरं चलान

तिसऱ्या चलानाबद्दल अजून बोललो नाही. ते आपल्याच जिल्ह्यातलं, सिग्नलवर झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे गाडी उभी केल्याचं. फोटो उघडला. साडी गार्ड होतं. पुढे भाजीची पिशवी लटकलेली होती. शर्टही ओळखीचा होता. पांढऱ्या पट्ट्यावर स्कूटरचं पुढचं चाक स्पष्ट दिसत होतं आणि त्या चाकाला वळसा घालून एक बाई लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे माझं आहे. हे आजच भर." लोकअदालत पुढच्या महिन्यात होती, निम्मे पैसे वाचले असते. ते थांबले नाहीत.

त्या फोटोतलं पोर वळसा घालून नीट पलीकडे गेलं. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. हे आकडे केंद्र सरकारच्या अहवालातले आहेत. म्हणून दंड हवेत, कॅमेरेही हवेत. आणि ते हवेत म्हणूनच खोटं चलान एकही निघता कामा नये. एक चुकीचं चलान दहा खऱ्या चलानांवरचा विश्वास घालवतं, आणि विश्वास गेला की माणूस कॅमेरा दिसेल तिथेच ब्रेक दाबतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या दाव्यांत घरं बुडताना पाहिलेल्या माणसांची आहे. तिच्यातलं दुःख खरं आहे. पण चलानच्या बाबतीत ती आपल्याला दोन्हीकडून नागवते : निर्दोष असून दंड भरायला लावते, आणि दोषी असून प्रकरण लोंबकळत ठेवायला शिकवते.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो. तसंच एखाद्या सुट्टीत घरातल्या प्रत्येक गाडीचा नंबर दोन्ही संकेतस्थळांवर टाकून बघा. आईवडिलांच्या नावावरच्या गाड्याही बघा, त्यांना ते जमत नसेल तर शेजारी बसून दाखवा. प्रत्येक फोटो मोठा करून पाहा. गाडी आपली असेल, चूक आपली असेल, तर त्याच दिवशी पैसे भरा. नसेल तर कागद गोळा करा, तारीख लक्षात ठेवा, आणि पुकारा झाला की उभं राहून सांगा : नाही, साहेब, ही गाडी माझी नाही.